मोटारसायकलची घरगुती पुनर्बांधणी : ग्रामीण महाराष्ट्रातील एका कारागिरीचा इतिहास
(विशेष संदर्भ : अवसरी खुर्द–मंचर परिसर)

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात जे बदल घडून आले, त्यांचा विचार करताना धरणे, सहकारी साखर कारखाने, दूध संस्था व बाजार समित्या यांचा अभ्यास विपुल प्रमाणात झालेला आहे. या सर्व संस्थांना गावाशी जोडणारे एक साधन मात्र इतिहासलेखनात जवळजवळ दुर्लक्षित राहिले. ते साधन म्हणजे मोटारसायकल. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे मंचरलगतचे गाव. पुणे–नाशिक महामार्ग जवळ, मंचरची बाजारपेठ जवळ, घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यामुळे ऊस, बटाटा, कांदा व भाजीपाला यांची शेती आणि जोडीला दुग्धव्यवसाय, असे या परिसराचे स्वरूप आहे. अशा गावात पहाटेचे दूध, बाजाराचा माल आणि रात्री-अपरात्री शेतावर पाणी धरायला जाणारा माणूस हे सर्व एकाच दुचाकीवर अवलंबून असते. गाडी बंद पडली तर दिवस बुडतो. म्हणूनच ती दुरुस्त करणे, प्रसंगी संपूर्ण खोलून पुन्हा बांधणे, ही येथे प्रथम गरज होती आणि हौस त्यानंतरची.

मराठीत 'गॅरेज' या शब्दाला जो अर्थ प्राप्त झाला, तोही या दृष्टीने बोलका आहे. इंग्रजीत हा शब्द घरालगत मोटार ठेवण्याच्या खोलीसाठीही वापरला जातो. मराठी माणसाच्या तोंडी गॅरेज म्हणजे मिस्त्रीचे दुकान. घरात मोटारीसाठी वेगळी खोली असणे ही गोष्ट बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे तो अर्थ रुजण्याचे कारणच नव्हते. घरी जे काम होते ते पडवीत, अंगणात किंवा गोठ्याशेजारच्या छपरात, पोत्यावर पाने व पक्कड मांडून, आणि नट-बोल्ट रॉकेलच्या डब्यात भिजत घालून होते. या कामाला लोक 'इंजिन बांधणे' म्हणतात. घर बांधतात, विहीर बांधतात, त्याच क्रियापदाने इंजिनही बांधतात.

प्रस्तुत लेखात या कारागिरीची ऐतिहासिक कारणे, तिचे प्रत्यक्ष तंत्र आणि तिच्यापुढे उभे असलेले कायद्याचे व इंधनाचे प्रश्न यांचा विचार केला आहे. 'मूळ रूप' ही जी कल्पना आजचा कायदा व संग्राहक दोघेही प्रमाण मानतात, ती ग्रामीण मोटारसायकलीच्या इतिहासाशी जुळत नाही, हे त्यातून दाखवावयाचे आहे.

लष्करी गाड्या आणि टंचाईचा काळ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३ अशा मोटारसायकली मोठ्या संख्येने वापरल्या. यांपैकी एकट्या एम२० या प्रकाराची निर्मिती सुमारे १ लाख २६ हजार इतकी झाली. युद्ध संपल्यावर अशा गाड्या लष्कराच्या निकाली मालातून नागरिकांच्या हाती आल्या. दिल्लीच्या चांदणी चौकात धावणारी 'फटफट सेवा' हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. युद्धकालीन हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या मागे प्रवासी बसण्याची बैठक जोडून ही वाहने तयार झाली आणि प्रदूषणाच्या कारणावरून १९९८ मध्ये बंद होईपर्यंत चालत राहिली. अर्धशतक चाललेल्या या गाड्यांत अखेरीस मूळचे किती उरले होते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मराठीत मोटारसायकलीला 'फटफटी' म्हणतात तेही याच आवाजावरून. यंत्राचे नाव त्याच्या कंपनीवरून न पडता कानावरून पडले.

१९५५ मध्ये इंग्लंडमधील रेडिचची मूळ कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडियाची स्थापना झाली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियन बनावटीची २५० सीसीची जावा बाहेर पडू लागली. हीच गाडी पुढे १९७३ पासून येझदी या नावाने ओळखली गेली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडच्या रचनेवर आधारलेली होती. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या तीन प्रमुख गाड्या इंग्रज, चेक आणि पोलिश अशा तीन वेगवेगळ्या अभियांत्रिकी परंपरांच्या होत्या, आणि गावच्या मिस्त्रीला त्या तिन्ही हाताळाव्या लागत.

परवाना पद्धतीच्या काळात नवे वाहन मिळणे हीच मोठी अडचण होती. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत लांबल्याची उदाहरणे सर्वश्रुत आहेत. कारखाना पुणे जिल्ह्यात असूनही जिल्ह्यातील ग्राहकाची रांगेतून सुटका नव्हती. अशा परिस्थितीत हाती असलेली गाडी टाकून देणे परवडणारे नव्हते. तीच पुन्हा पुन्हा बांधली जाई. सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेत जावे लागे, आणि तेथेही न मिळाल्यास जुन्या बाजारात. तरीही भाग मिळाला नाही, तर लेथवाला तो घडवून देई.

याच काळात पश्चिमेकडे जी घरगुती पुनर्बांधणी फोफावली, तिच्याशी येथील प्रवाहाची तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या तरुणांनी जड मोटारसायकलींची मडगार्डे छाटली, अनावश्यक भाग उतरवले आणि गाडी हलकी केली. न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो याने १९२० ची इंडियन स्काउट आपल्या छपरात दशकानुदशके सुधारली, पिस्टनसुद्धा स्वतः ओतले आणि १९६७ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा विक्रम केला. तेथे बदल म्हणजे वजन काढणे. ग्रामीण महाराष्ट्रात बदल म्हणजे वजन घालणे. दुधाच्या कॅनसाठी दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, मागे रुंद कॅरियर, ओझे पेलावे म्हणून जादा कडक स्प्रिंगा, चिखलासाठी चाक व मडगार्ड यांत ठेवलेली मोकळी जागा, चढावर ओढ मिळावी म्हणून मागचे मोठे चक्र. जो साडी-गार्ड येथील प्रत्येक गाडीला असतो, तोही असाच भार पेलणाऱ्या समाजाचा भाग. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याच्या वस्त्रांना चाकापासून संरक्षण देणारे साधन बंधनकारक आहे. छायाचित्रांत शोभणारी 'कस्टम' मोटारसायकल आणि मंचरच्या बाजारात कांद्याची गोणी घेऊन येणारी मोटारसायकल या दोघीही मालकाच्या गरजेप्रमाणे घडवलेल्याच असतात, परंतु कस्टम हा शब्द पहिलीलाच मिळतो.

इंजिन बांधण्याची रीत

या कारागिरीचे मोल समजण्यासाठी प्रत्यक्ष कामाचा तपशील पाहणे आवश्यक आहे. जावा, येझदी, राजदूत आणि १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक इंजिने. त्यांत झडपा चालवणारी यंत्रणा नाही. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टननेच उघडायच्या व झाकायच्या, आणि ताजे मिश्रण प्रथम क्रँकच्या पेटीत दाबले जायचे. भाग कमी, म्हणून काम सोपे, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. क्रँकची पेटी हाच येथे पंप असल्यामुळे तिच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद असावी लागतात. सील झिजले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, उष्णता वाढते आणि भर रस्त्यात पिस्टन पकडतो. नवशिका अशा वेळी पिस्टन-रिंग बदलतो व पंधरा दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येतो. जाणता मिस्त्री आधी सील पाहतो.

पूर्ण काम करावयाचे तर क्रँक उघडावा लागतो. कनेक्टिंग रॉड व त्याचे बेअरिंग बदलण्यासाठी क्रँकची दोन चाके दाबयंत्रावर वेगळी करून पुन्हा जोडतात. जोडल्यावर ती एका रेषेत आली की नाही हे लेथच्या दोन टोकांमध्ये धरून डायल गेजने तपासायचे आणि तांब्याच्या हातोडीने ठोके देत काटा स्थिर करायचा. चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. हे काम पडवीत होत नाही; त्यासाठी मंचर, नारायणगाव किंवा पुण्याचा लेथवाला गाठावा लागतो. सिलिंडर झिजला असेल तर तो कातून मोठा करतात व ओव्हरसाइज पिस्टन घालतात. भोक वाढवण्याला मर्यादा आहे. ती संपली की आत नवे लायनर ठोकायचे आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकाच सिलिंडरचे असे दोन-तीन जन्म होतात.

बुलेटची गोष्ट वेगळी. ३४६ सीसीचे हे फोर-स्ट्रोक इंजिन, ७० मिलिमीटर व्यासाचे आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचे. टॅपेट जमवताना मिस्त्री फीलर गेज हाती घेत नाही. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली मात्र हलता कामा नये, एवढी एकच कसोटी. ठिणगीची वेळ साधताना पॉइंटच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरतात. पिस्टन नेमक्या जागी आला असता कागद सैल सुटला की वेळ जुळली. किक मारण्यापूर्वी ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन वरच्या बिंदूच्या किंचित पुढे न्यायचा आणि मग पूर्ण वजनाने किक. ज्याला हे साधत नाही त्याची पोटरी बुलेट फोडते. या सर्व कृतींत मोजमाप आहे. फक्त मोजण्याचे उपकरण बोट, कान आणि कागद हे आहे.

शेवटचे काम कार्बोरेटरचे. संथ चालीसाठी हवेचा स्क्रू, मधल्या वेगासाठी सुईची खाच, पूर्ण वेगासाठी मेन जेट. तिन्हींचा अधिकार थ्रॉटलच्या वेगवेगळ्या टप्प्यावर चालतो. परीक्षा प्लगच्या रंगावर. गाडी चढावर पूर्ण ओढायला लावून तेथेच इंजिन बंद करायचे व प्लग काढून पाहायचा. काळा व ओलसर असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, कॉफीसारखा तपकिरी असेल तर योग्य. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि हा रंग पूर्वीपेक्षा फिका दिसू लागला. जुन्या नजरेने पाहणाऱ्याला प्रत्येक गाडी 'सुकी' वाटू लागली. वीस-पंचवीस वर्षांत घडलेली नजर पुन्हा बसवावी लागली.

टू-स्ट्रोक इंजिनाची ओढ सायलेन्सरच्या आकारावर कशी अवलंबून असते, याचा शास्त्रीय पाया १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन याने भक्कम केला. बाहेर जाणारी दाबाची लाट नळीच्या निमुळत्या टोकावरून परत येऊन सिलिंडरबाहेर निसटलेले ताजे मिश्रण आत ढकलते, हे त्याचे तत्त्व. त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे निघून गेला आणि हे ज्ञान त्याच्यासोबत जपानच्या सुझुकीकडे पोहोचले. जपानी टू-स्ट्रोकच्या पुढील यशात याचा मोठा वाटा आहे. अवघ्या ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती देणारी आरएक्स १०० ज्याने चालवली, त्याने काडेनचे नाव ऐकलेले नसते. परंतु सायलेन्सरमधील जाळी काढून टाकल्यास आवाज वाढतो व ओढ बहुधा घटते, हे अनुभवी मिस्त्री न सांगता ओळखतो. गावोगावी कर्णकर्कश नळ्या बसवणाऱ्या तरुणांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

कारखाने बंद झाल्यानंतर

१९९१ पासून दुचाकींना धुराचे निकष लागू झाले, १९९६ व २००० मध्ये ते अधिक कडक झाले. टू-स्ट्रोक इंजिनात काही मिश्रण न जळताच बाहेर जाते व तेलही जळते. त्यामुळे या निकषांपुढे त्याचा टिकाव लागणे कठीण होते. १९९६ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला आणि आरएक्स १०० चे उत्पादनही थांबले. हीरो होंडाच्या १९८५ च्या सीडी १०० ने कमी पेट्रोलात चालणाऱ्या फोर-स्ट्रोकची सवय तोवर लावलीच होती.

कारखाना बंद झाला तरी गाड्या उरल्या. आणि येथूनच पुनर्बांधणीचे स्वरूप पालटले. पूर्वी भाग मिळत नव्हते कारण मागणी जास्त होती. आता मिळेनात कारण कोणी बनवत नव्हते. सहा व्होल्टची वीजव्यवस्था बदलून बारा व्होल्टची बसवली गेली, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले, एका गाडीचा कार्बोरेटर दुसरीला लागला. प्रत्येक बदलामागे गाडी चालू ठेवणे एवढाच हेतू होता. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी तर बुलेटच्या मागच्या भागाला शेतीची औजारे जोडून 'बुलेट सांती' तयार केली. तिला भारतात व अमेरिकेत पेटंट मिळाले.

कायदा, इंधन आणि मूळ रूप

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनात बदल केल्यास तो नोंदणी अधिकाऱ्यास कळवणे एवढे बंधन होते. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ ने पूर्वसंमतीची अट घातली. २००० च्या दुरुस्तीने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यासच मनाई केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कळवणे, विचारणे आणि मनाई, असा हा ऐंशी वर्षांचा प्रवास आहे. रस्त्यावरील सुरक्षितता व आवाजाचा उपद्रव पाहता मनाईचे समर्थन करता येते. परंतु ब्रेक दुबळे करणारा बदल आणि अंधुक दिवा उजळ करणारा बदल यांत कायद्याचे शब्द फरक करीत नाहीत. शेतात पेटंटला पात्र ठरलेली कल्पना डांबरी रस्त्यावर आली की दंडास पात्र ठरू शकते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. या वाहनांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क आहे. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे. सांगाडा, बाह्य भाग किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. प्रदर्शन, संशोधन, व्हिंटेज फेरी, इंधन भरणे व देखभाल या कारणांव्यतिरिक्त अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. याचा ग्रामीण अर्थ असा की जी जावा श्रीमंताच्या वाड्यात झाकून ठेवली होती ती वारसा ठरते, आणि जी पन्नास वर्षे दूध वाहत राहिली, आणि म्हणूनच दोनदा लायनर व तीनदा कार्बोरेटर बदलून जगली, ती ठरत नाही. इतिहासाच्या दृष्टीने साक्ष दुसरीचीच अधिक मोलाची आहे. तिच्या प्रत्येक बदललेल्या भागात एका टंचाईची नोंद आहे.

इंधनाचा प्रश्न याहून निकडीचा आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल २००३ पासून काही राज्यांत सुरू झाले; २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला सुमारे ९. याचा परिणाम असा की जुन्या जेटमधून तेवढेच इंधन आले तरी मिश्रण सुके पडते आणि टू-स्ट्रोकमध्ये तर पिस्टन पकडण्याची भीती वाढते. मेन जेट मोठा घेणे आणि सुई एक खाच वर घेणे, हा त्यावरचा इलाज. इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या व सील फुगतात वा तडकतात. उसाच्या पट्ट्यात इथेनॉलमुळे शेतकऱ्याच्या उसाला आधार मिळतो हे खरे, आणि त्याच शेतकऱ्याच्या पडवीतील येझदीचे सील त्यामुळेच जाते हेही खरे. ते सील देणारा कारखाना आता नाही. २०१८ मध्ये जावा व २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली, पण ती संपूर्ण नव्या फोर-स्ट्रोक गाड्यांवर, ज्यांचे सुटे भाग जुन्यांना लागत नाहीत.

अवसरी खुर्द येथे २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी वर्गात इंधन-हवेचे प्रमाण, ज्वलन आणि उष्णतेची गणिते शिकतो. त्याच गणिताची उत्तरे गावातील मिस्त्री प्लगच्या रंगावरून देत आला आहे. बीएस-६ निकषांनंतर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा बहुतांशी इंधन-इंजेक्शनने घेतली असल्यामुळे ही नजर शिकण्याची संधी आता केवळ जुन्या गाड्यांवरच उरली आहे. कोणत्या गाडीचा कोणता भाग कशाने बदलला, वीस टक्के इथेनॉलसाठी कोणत्या गाडीला किती क्रमांकाचा जेट लागला, याची वही गॅरेजात सहसा ठेवली जात नाही. हे सर्व मिस्त्रीच्या डोक्यात असते, आणि हाताखालच्या पोराला काम करता करता जेवढे उमगते तेवढेच पुढे जाते.

पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीचे पुनर्नोंदणीकरण करताना निरीक्षक इंजिनाचा व चासीचा क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहतो. इंजिनाचा क्रमांक असतो क्रँककेसवर. चाकाला दगड लागून किंवा साखळी तुटून क्रँककेस फुटले आणि भंगारातून दुसरे आणून बसवले, तर आत पिस्टन, क्रँक, गिअर सर्व जुनेच असले तरी कागदावर ती वेगळी गाडी होते. उलट बाजूने, केवळ क्रँककेस मूळचे ठेवून आतील एकूण एक भाग बदलला तरी क्रमांक जुळतो आणि गाडी तीच ठरते. परवानगी घेऊन इंजिन बदलण्याची वाट कायद्यात आहे. पण भंगारातून आणलेल्या भागाचा पूर्वीचा मालक कोण, याचे कागद सादर करणे खेड्यातील मालकाला क्वचितच शक्य होते. अशा गाड्या मग रस्ता सोडून शिवारात राहतात.